पाटीतलं पाणी

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या चौकात पेव्हर ब्लॉक बसवून जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी दहाच्या सुमारास नेहमीसारख्या कोळीण मावशी आल्या, भेंडाच्या झाडाखाली टेकल्या, पाटी उतरवून वरचा ओला गोणपाट बाजूला सारला. मी मांदेली घेतली, शेजारच्या वहिनींनी घासाघीस करून बोंबील घेतले. सगळं आटोपल्यावर मावशींनी पाटी तिरकी केली आणि तळाशी साठलेलं बर्फाचं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं. गेली वीस-बावीस वर्षं त्या हेच करत आल्यात. त्या पाण्याचं पुढे काय होतं हे मी कधी बघितलं नव्हतं, कारण बघण्यासारखं काही उरायचंच नाही. ओतलं की माती काळी व्हायची, दोन-चार खवले वर चमकत राहायचे, एखादा कावळा उतरून चोच मारून जायचा. त्या दिवशी पाणी खाली गेलं नाही. ठेकेदाराने ब्लॉक पार बुंध्याला भिडवले होते आणि सांधे सिमेंट कालवून बुजवून टाकले होते. पाणी जरासं थबकलं, मग उतार शोधत निघालं. एक खवला त्यावर डुगडुगत आला आणि माझ्या उंबऱ्याशी येऊन थांबला.

"पानी कुठं जानार आता, बाय?" मावशींनी विचारलं. उत्तराला त्या थांबल्या नाहीत. चुंबळ नीट केली, पाटी डोक्यावर घेतली आणि पुढच्या सोसायटीकडे गेल्या. मी पोतेरं आणून उंबरा पुसला, फिनेल टाकलं. दुपारपर्यंत वास गेला. पण संध्याकाळी भाजी निवडताना, रात्री दिवा मालवताना तो खवला डोळ्यांसमोर येत राहिला.

कारण ब्लॉक बसवायच्या ठरावाला ज्यांनी हात वर केला, त्यात मीही होते.

मला कारण होतं. मागच्या ऑगस्टमध्ये आई चौकातल्या चिखलात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. त्यानंतर ती चौकात उतरायलाच घाबरायची, दारात खुर्ची टाकून बसून राहायची. त्यामुळे सभेत चिखलाचा, डासांचा, घुशींच्या बिळांचा विषय निघाला तेव्हा मी फार विचार केला नाही. समोरच्या घरातले काका एकटेच म्हणाले, "निदान झाडाभोवती तरी माती ठेवा." कुणीतरी म्हणालं की तिथे दोन बाइक उभ्या राहतील. काका गप्प बसले, ठराव मंजूर झाला. कामाच्या दिवशी चौकातली वीतभर माती खणून टेम्पोत भरली गेली. कुठे नेताय, असं मी सहज विचारलं तर मुकादम म्हणाला, "मागे, खाडीकडे."

आम्ही मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला राहायला आलो ते 1991 मध्ये. म्हाडाची बैठी घरं, पस्तीस घरांची एक सोसायटी, मधे मोकळा चौक. जागतिक बँकेच्या मदतीने आखलेली ती योजना होती. चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माझ्या बाबांना स्वतःच्या नावाचा प्लॉट मिळाला, याचं अप्रूप त्यांना शेवटपर्यंत होतं. दाराला तीन पायऱ्या होत्या. त्या चढून घरात शिरताना आपण वर कुठेतरी राहतो असं मला वाटायचं. हा सगळा भाग खाजणाचा, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीचा, भराव घालून उंच केलेला. आमचं भेंडाचं झाड त्या खाजणाच्या काठावरचं मूळचं, की नंतर कुणी आणून लावलेलं, यावर सोसायटीत आजही दोन मतं आहेत. मला ते मूळचं वाटतं. भेंड हे खाऱ्या वाऱ्याचं, खाडीकाठचं झाड. सकाळी पिवळीधमक असलेली त्याची फुलं संध्याकाळपर्यंत गुलाबी-लाल होऊन गळतात. आम्ही पानं गुंडाळून पिपाण्या वाजवायचो, फळात काडी खुपसून भोवरे फिरवायचो. रात्री पश्चिमेकडून वारा आला की खाडीचा वास यायचा, कुजक्या पानांचा, चिखलाचा, कालवांचा. पाहुणे नाक मुरडायचे. मला त्या वासाशिवाय झोप लागत नसे.

मग रस्ते होत गेले. डांबरावर डांबर, त्यावर पुन्हा डांबर आणि शेवटी काँक्रीट. दर वेळी रस्ता चार बोटं वर आला. आमच्या तीन पायऱ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. आता रस्त्यावरून चौकात यायला एक पायरी खाली उतरावं लागतं आणि उंबऱ्यावर कडाप्प्याची आडवी पट्टी बसवली आहे, पाणी अडवायला. प्रत्येक दाराला अशी पट्टी आहे. घरात येणारं माणूस हल्ली आधी पाय उचलतं, मग आत येतं. आईला ती पट्टी चिखलापेक्षा जास्त धोक्याची आहे, पण तिच्याबद्दल कुठल्याही सभेत कुणी बोललं नाही.

26 जुलै 2005 ची गोष्ट प्रत्येक मुंबईकराकडे आहे. अंधेरीहून मी कशी चालत आले, कुणी चहा दिला, कुठे चप्पल वाहून गेली, ते पुन्हा सांगत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला शंभरही नाही, हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. मला सांगायचंय ते बाबांचं. मी पोचले तेव्हा घरात मांडीपर्यंत पाणी होतं, आईला पोटमाळ्यावर बसवलेलं, आणि बाबा दारामागे मेणबत्ती घेऊन उभे होते. भिंतीवर दर अर्ध्या तासाने ते पेन्सिलने रेघ मारत होते. एकावर एक चढत गेलेल्या रेघा. आठच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. पाऊस तसाच कोसळत होता, पत्र्यावरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. तरीही पाणी शेवटच्या रेघेच्या दोन बोटं खाली गेलं होतं. बाबा कानाशी तोंड आणून म्हणाले, "ओहोटी लागली."

बाबा गुहागरकडचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्यांना पाठ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही ते कॅलेंडरवर तिथी बघून म्हणायचे, आज दुपारी पाणी भरेल. त्या दिवशीची भरती दुपारची होती, जवळपास साडेचार मीटरची. वरून येणारं पाणी खाडीकडे धावत होतं आणि खाडीचं पाणी त्याच नाल्यांतून शहरात शिरू बघत होतं. दोन्ही पाणी आमच्या घरात भेटलं. पोयसर नदी आमच्याच कांदिवलीतून वाहते, राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरातून निघते आणि मालाडच्या खाडीला मिळते. त्या दिवसापर्यंत मी तिला नाला म्हणत होते. मुंबईत निम्म्या लोकांना मिठी ही नदी आहे हे तेव्हाच कळलं.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, तेही ओहोटी असेल असं धरून. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता दुप्पट, 50 मिलिमीटर करायला सांगितलं. कामाने वेग घेतला तो 2005 नंतर, माधवराव चितळे समितीने शहराचा पूर तपासल्यावर. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे उदंचन केंद्रं झाली, भरतीला दरवाजे बंद करून पाणी पंपाने समुद्रात फेकायची. दादरजवळच्या हिंदमाताच्या सखल बशीत दर पावसाळ्यात तुंबणारं पाणी आता प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि झेवियर्स मैदानाखाली बांधलेल्या टाक्यांत नेऊन ठेवतात, ओहोटी लागली की सोडतात. ही कामं मी कमी लेखत नाही. हिंदमाताला कमरेइतक्या पाण्यातून गेलेल्या माणसाला त्या टाक्यांची किंमत विचारावी. पण मैदानाखाली टाकी बांधताना आपण कबूल केलंय की पाण्याला मधे कुठेतरी बसायला जागा लागते. पूर्वी ती जागा होती. धोबीतलाव, गवालिया टँक, सीपी टँक, पायधुणी, उमरखाडी. बसचे फलक नुसते वाचत गेलं तरी कळतं की हे शहर पाण्याला कुठे कुठे बसवत होतं. आज धोबीतलावला उतरून तलाव कुठे, असं कुणी विचारत नाही.

मे महिन्यात, त्या खवल्यानंतर, मी एका दुपारी कागदावर आमच्या चौकाचा हिशेब मांडला. साठ फूट बाय चाळीस फूट. तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला तर एका तासात अकरा हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात आम्ही पैसे देऊन मागवतो तो मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे जोराच्या पावसात दर तासाला एकाहून जास्त टँकर आमच्या चौकात कुणीतरी उपडा करतं, आणि पत्र्यांवरून पडणारं पाणी निराळंच. त्यातलं काही पूर्वी माती पीत असे. किती, ते मला मोजता येणार नाही. खाजणावरच्या भरावाची माती, ती काही फार पिणारी नव्हे, श्रावणात तर तिचं पोट भरलेलंच असायचं. पण जूनमधला पहिला पाऊस ती गिळायची, आणि नंतरच्या पावसांना जरा थांबवून, रमतगमत गटारापर्यंत पाठवायची. पुराच्या वेळी अर्धा-पाऊण तासाचा तो फरक म्हणजे ओहोटी लागेपर्यंतचा वेळ असतो. चारकोपमध्ये आमच्यासारख्या शेकडो सोसायट्या आहेत. गेल्या दहा वर्षांत त्यातले किती चौक असे झाकले गेले, हे मी फेरफटका मारताना मोजायला घेतलं आणि एका गल्लीनंतर सोडून दिलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी मावशींबरोबर खाडीवर गेले. तीस-पस्तीस वर्षं इथे राहून मी तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, काठावरून सूर्यास्त बघितला होता तेवढाच. ओहोटी होती. मावशींनी लुगडं वर खोचलं, मला चपला काढायला सांगितल्या. पहिल्या पावलाला चिखल घोट्यापर्यंत, दुसऱ्याला पोटरीपर्यंत. वरचा थर उन्हाने कोमट आणि खाली गार, लोण्यासारखा. तिवरांच्या भोवती मुळांच्या काड्या चिखलातून सरळ वर आलेल्या, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशा, हजारो. झाडं त्यातून श्वास घेतात. मावशी त्यांच्या मधून अशा चालत होत्या की एकही काडी मोडली नाही. मला दोन पावलं टाकायला मिनिट लागत होतं. एक पान तोडून त्या म्हणाल्या, जिभेला लाव. खारट. झाड समुद्राचं पाणी पितं आणि मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. बाजूला निवट्या, चिखलातल्या छोट्या मासळ्या, उड्या मारत होत्या, चिंबोऱ्यांची बिळं होती, आणि सगळीकडून बारीक टिक-टिक असा आवाज येत होता, चिखल श्वास घेत असल्यासारखा. तिथे वारा जवळजवळ नव्हता. मागे शंभर पावलांवर आम्ही उभ्या होतो तेव्हा पदर उडत होता.

"उधानाला बघायला ये," मावशी म्हणाल्या. "तिवरात शिरली का लाट चालत येते. धावत नाय येत."

तज्ज्ञ मंडळी हेच त्यांच्या भाषेत सांगतात. मुळं आणि खोडं लाटेचा जोर मोडतात, पाण्याचा वेग कमी झाला की त्यातला गाळ तिथेच बसतो, आणि गाळ बसत गेला की किनारा समुद्राबरोबर थोडा थोडा उंच होत जातो. काँक्रीटची भिंत बांधल्या दिवसापासून झिजू लागते आणि तिवरांचा पट्टा दरवर्षी दाट होतो, मात्र त्याला जागा हवी आणि गोड्या पाण्याची, भरतीची वाट मोकळी हवी. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ मुंबईला न शिवता बाजूने गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा वारा नोंदला होता. आमच्याकडे दोन पत्रे उडाले, रस्त्यावरची पाच झाडं पडली. ती पाचही झाडं मुळाशी काँक्रीटने आवळलेली होती. खाडीवर दुसऱ्या दिवशी जाऊन आलेल्या मावशी सांगत होत्या की तिवरांचे नुसते शेंडे वाकले.

परत येताना काठावर ढीग दिसले. डेब्रिजचे. फुटक्या टाइल्स, कमोडचे तुकडे, विटा, आणि एके ठिकाणी माती. त्या मातीत भेंडाची वाळलेली फळं होती. भेंडाची झाडं चारकोपमध्ये बरीच आहेत, ती माती आमच्याच चौकातली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ढिगाच्या कडेला त्या उभ्या पेन्सिली अर्ध्या गाडल्या गेल्या होत्या, आणि मी तिथे बसून हाताने माती उकरू लागले. मावशींनी बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाल्या, चल, पानी येल आता.

हा पट्टा शिल्लक आहे तो आपोआप नाही. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली, 2018 मध्ये तिचा नाश हा जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे असा निकाल दिला. 2012 मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, 2020 मध्ये पांढरी चिपी या खारफुटीच्या जातीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. 2022 च्या मार्चमध्ये शहराचा वातावरण कृती आराखडा आला, त्यात पुराचा आणि हरितीकरणाचा विचार आहे. मी तो वाचायला बसले तेव्हा 'हरित पायाभूत सुविधा' या शब्दांशी बराच वेळ अडले. पायाभूत सुविधा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पूल येतो, बोगदा येतो, ज्याची कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. चिखलाची फीत कोण कापणार? तिवराला निविदा लागत नाही, खाजणाला उद्घाटन लागत नाही. म्हणूनच नकाशावर तो भाग रिकामा दिसतो, आणि रिकामी जागा या शहरात फार दिवस रिकामी राहत नाही.

तरी या शहराने एकदा उलटंही करून दाखवलंय. धारावीला मिठीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे आधी शहराचा कचरा टाकत. त्या डंपिंगवर माती घालून, झाडं लावून 37 एकरांचं रान उभं केलं आणि 1994 मध्ये ते लोकांना खुलं झालं. शाळेच्या सहलीला गेले होते तेव्हा मला ते जंगलच वाटलं होतं, पायाखाली कचरा आहे हे बाईंनी बसमध्ये बसल्यावर सांगितलं. आम्ही सगळ्या खिडकीतून पुन्हा बघू लागलो. उद्यानाच्या पलीकडे मिठी, तिवरं, आणि नदीच्या त्या तीराला खाजणावरच उभं राहिलेलं बीकेसी, वांद्रे-कुर्ला संकुल. दोन तीर, दोन उत्तरं. पावसाळ्यात कधी तिकडून जाणं झालं तर मी अजून खिडकीशी बसते.

शहराला स्पंज करायची, म्हणजे पाणी शोषून धरू द्यायची, कल्पना मांडणारे चिनी भूदृश्यरचनाकार कोंगजियान यू यांच्याबद्दल मी वाचलं होतं. लहानपणी गावच्या पुराच्या नदीत ते पडले आणि काठावरच्या वाळुंजांनी, बोरूंनी प्रवाह मंद केल्यामुळे वाचले, असं ते सांगत. आयुष्यभर ते शहरांना तळी, पाणवठे, मोकळ्या माळजागा परत द्या म्हणत राहिले, आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलमधल्या पांतानालच्या अफाट पाणथळीत विमान कोसळून गेले. ते वाचलं त्या दिवशी मला बाबांची आठवण आली. दोघांचं काही नातं नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे जाऊ बघतं, एवढं एकच दोघं जन्मभर बघत राहिले.

आता जे लिहिते ते मला सोपं जात नाही. 2024 मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडकडची अडीचशे एकरांहून जास्त मिठागरं धारावीतल्या लोकांना घरं देण्यासाठी घ्यायचं ठरलं. मिठागर म्हणजे भरतीचं आणि डोंगराचं पाणी पसरायची जागा, पूर्व उपनगरांची बशी. ती बुजली तर पाणी भांडुपच्या रुळांवर आणि खालच्या वस्त्यांवर जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मी विरोधाच्या पत्रावर सही करायला घेतली आणि पेन थांबलं. माझं घर तरी कुठे आहे? 1991 च्या आधी कुणी असंच पत्र लिहून चारकोपचा भराव अडवला असता, तर बाबा त्या दहा बाय दहाच्या खोलीतच गेले असते. मला पिपाणी वाजवायला भेंड मिळाला नसता. धारावीतल्या कुणा मुलीला तीन पायऱ्यांचं दार मिळत असेल तर मी कुठल्या तोंडाने नको म्हणू? दोन दिवस ते पत्र टेबलावर पडून होतं. मग सही केली. कारण मला आठवलं, आमच्या तीन पायऱ्या आज नाहीत. भरावावर दिलेलं घर तीस वर्षांत पाण्याखाली येतं आणि ते कुणाच्या तरी आईला पोटमाळ्यावर बसवतं. धारावीच्या माणसाला घर द्यायचं तर बुडणारं का द्यायचं, त्याला कोरड्या जागेवर हक्क का नाही, हे विचारायलाच हवं. तरी सही करताना हात हलका नव्हता, अजूनही नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही पहार आणली. आम्ही म्हणजे मी, समोरचे काका आणि त्यांचा नातू. त्याआधी सभेत दीड तास वाद झाला होता. आईची वाट जशी आहे तशी राहील, दारापासून गेटपर्यंत एकही ब्लॉक हलणार नाही, या अटीवर झाडाभोवती सहा फुटांचं आळं आणि गटाराच्या कडेने दोन फुटांची पट्टी मोकळी करायला परवानगी मिळाली. बाइक उभी करणारे शेजारी नाराज झाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, रस्त्यावर लावली की बाइक टो होते. ब्लॉक काढायला सोपे, खालची भुकटी आणि सिमेंट मात्र घणाने फोडावं लागलं. गवंडी बोलावला होता, त्याने आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात सवयीने आळ्याभोवती वीतभर उंच कठडा बांधून टाकला, सुबक, वरून गिलावा केलेला. त्याला वाईट वाटू न देता काकांनी समजावलं की बाबा रे, पाणी आत यायला हवंय, अडवायचं नाही. माती चौकापेक्षा खाली हवी. त्याने डोकं खाजवलं, म्हणाला, सगळे उंच मागतात. मग त्याच्याच हाताने कठड्याला चार ठिकाणी खिंडी पाडल्या, आतली माती वीतभर खाली नेली. पट्टीत कर्दळ लावली. कर्दळीला पाय ओले चालतात.

जुलैमध्ये एका दुपारी साडेचार मीटरच्या वरची भरती होती. पावसाळा सुरू होताना महापालिका अशा दिवसांची यादी देते, ती मी फ्रिजवर लावून ठेवली आहे. पाऊस नेमका अकराला सुरू झाला आणि थांबेना. पहिला अर्धा तास आम्ही दारात उभं राहून बघत होतो. चारही खिंडींतून पाणी आळ्यात शिरत होतं, कर्दळीची पट्टी भरत होती, मधला चौक ओला चमकत होता, पण पाणी साठलं नव्हतं. काकांचा नातू टाळ्या वाजवत होता. मग गटाराचं पाणी उलटं फिरलं. तासाभरात आळं, पट्टी, ब्लॉक सगळं एकाच करड्या पाण्याखाली गेलं आणि कडाप्प्याच्या पट्टीला येऊन लागलं. बाइकवाले शेजारी पलीकडच्या दारातून बघत होते. काही बोलले नाहीत, आणि त्यांनी बोलावं असं मला उगाच वाटत राहिलं. दारामागे रंगाच्या दोन हातांखालीही बाबांच्या रेघा हाताला लागतात. मी तिथे बोट ठेवून उभी राहिले.

चारच्या पुढे पाणी उतरू लागलं. ब्लॉकवरचं गटाराने ओढून घेतलं, गाळाचा पातळ थर मागे राहिला. आळ्यात मात्र पाणी होतं तसंच होतं. दिवेलागणीला मी बाहेर आले तर बाइकवाले शेजारी बनियनवर, मोबाइलचा टॉर्च लावून आळ्याशी उकिडवे बसले होते. पाण्यातून बुडबुडे येत होते. एका जागी नाही, सगळीकडून, बारीक, थांबून थांबून. पाणी खाली जात होतं आणि मातीतली हवा वर येत होती. मीही बसले. आई काठी टेकत, तिच्या वाटेवरून, हळूहळू येऊन उभी राहिली. "काय आहे ते?" तिने विचारलं. शेजाऱ्यांनी टॉर्च जरा तिच्या बाजूला वळवला.

परवा मावशी आल्या. बंदीचे दिवस, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे पाटीत सुकट आणि सुके बोंबील. बर्फ नव्हता, ओतायला पाणी नव्हतं. आळ्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, मग चप्पल काढून पायाचा अंगठा मातीत दाबला. अंगठ्याच्या खळग्यात पाणी जमलं. कर्दळीला एक लाल फूल आलं होतं, त्याबद्दल त्यांना काही वाटलं नाही. मी पाव किलो सुकट घेतली, पैसे दिले, त्यांनी चुंबळ डोक्यावर ठेवली.

"नारली पुनव होऊ दे," त्या म्हणाल्या, "मंग येते बर्फ घेऊन."